रंगखात्यातलं टिंब

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कामगारांना वाचायला आणि हिशेब करायला शिकवते. पहिली पाळी सुटली की कॅन्टीनच्या बाकांवर वर्ग भरतो. त्या आठवड्यात मात्र मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

कारण रंगखात्यातले एक मामा. इतकी वर्षं रंगमास्तर तोंडी सांगायचे आणि मामा डब्याने रंग मोजून घालायचे. आता रंगाचं वजन लिहिलेली छापील चिठ्ठी आणि आकडे दाखवणारा काटा आला होता. शनिवारी मास्तर चाचणी घेणार होते. चिठ्ठी वाचता आली नाही, तर मामांना गठ्ठे उचलायला पाठवणार होते. त्यांचे गुडघे आधीच गेलेले.

मी फळ्यावर २.४५ आणि २.६ लिहिलं. "मामा, जास्त कुठलं?"

"दोन-पंचेचाळीस. सहापेक्षा पंचेचाळीस मोटंच की."

तीस इंच रुंद, साठ इंच लांब टॉवेलला कारखान्यात नुसतं तीस-साठ म्हणतात. दोन आकडे शेजारी दिसले की ती लांबी-रुंदी. मधलं टिंब मामांच्या लेखी नव्हतंच.

पॅकिंगमधल्या मावशी हसल्या. "दोन इंचाचा टॉवेल? कुणाचं नाक पुसायचं त्यानं?"

मामाही हसले, पण पेन खाली ठेवला.

मी दशांश, शतांश सांगत राहिले. शाळा सुटल्यावर आमचे गुरुजी माझ्यासाठी थांबून हेच समजावायचे. घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती त्यांच्या त्या थांबण्यामुळे. त्यांचेच शब्द मी बोलत होते आणि मामा मान हलवत होते. न कळता हलवलेली मान मला ओळखू येते. रात्रभर तीच डोळ्यांपुढे होती.

शुक्रवारी मी वर्ग रंगखात्यातच नेला. मामांना रंगात घालायचं मीठ काट्यावर ओतायला लावलं. २.४५ वर थांबवून मी म्हणाले, "आता २.६ करा."

मामांनी मीठ काढायला सुरुवात केली. आकडे उतरत गेले, २.६ काही येईना. मग ते थांबले, काढलेलं मीठ परत टाकलं, वर अजून थोडं टाकलं. २.५०. २.५९. २.६०.

"हे वर हाय व्हय," ते म्हणाले आणि आपल्या घरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटले.

शनिवारी मास्तरांनी ३.१५ आणि ३.४ लिहून पुढे केलं. मी दारात. मामांनी काट्याकडे बघितलं.

"बोला की. आज काटा न्हाय मिळणार," मास्तर म्हणाले.

मामांची ओंजळ हवेतच हलली. त्यांनी ३.१५ वर बोट ठेवलं. "ह्यात अजून घालावं लागंल. मग ते दुसरं हुतंय."

मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. "ऱ्हावा हितंच. पण महिनाभर मला दाखवल्याबिगर रंग घालायचा न्हाय."

मी पर्स खांद्याला लावून निघते तोच मामा बाहेर आले. "मॅडम, निळ्याच्या चिठ्ठीत टिंबाच्या म्होरंच शून्य असतंय. ०.०५. त्याचं काय?"

ते मी शिकवलंच नव्हतं. "सोमवारी बघू," मी म्हणाले.

"सोमवारी निळाच लावायचाय," मामा म्हणाले. मी पर्स परत खांद्यावरून उतरवली.