दादाचं रक्त मी हैदराबादला नेलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दिवाळी आटोपून हैदराबादला परत निघालो, तेव्हा बसस्थानकावर दादानं माझी बॅग गाडीत चढवली आणि विचारलं, "रगतात काय निघालं रं?" मी म्हणालो, "काही नाही. सगळं बरंय." त्याची शुगर चांगलीच वाढलेली मी सकाळीच, लॅबसाठी त्याचं रक्त घेताना, पाहिली होती.

आमच्या लॅबला तेव्हा मधुमेही आणि निरोगी, दोन्ही माणसांचं रक्त हवं होतं. पेशींत साचणारी घातक रसायनं निकामी करणारी काही एन्झाइम असतात. त्यांच्या जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतो. त्यानं मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो का, हे आम्ही शोधत होतो. दादाचं रक्त निरोगी म्हणून घ्यायला गेलो आणि मधुमेहींच्या गटात घातलं. लॅबला कळलं, त्याला मात्र सांगितलं नाही.

कारण लिहितानाही मान खाली जाते. वैजापूरकडची शेती, म्हातारे आईवडील, सगळं त्याच्यावर होतं. तो उभा होता म्हणून मी बाहेर होतो. तो आजारी ठरला असता, तर मला परतावं लागलं असतं. पुढच्या खेपेला सांगू, म्हणत मी तिकडं फ्लॅट घेतला.

मधे मार्केट यार्डात शुगर तपासायचं शिबिर लागलं. कांदा घेऊन गेलेला दादा बाजूला उभा राहिला. कुणीतरी डिवचलं, "सुईला भ्यालास व्हय?" तर म्हणाला, "माझं घरीच झालंय. भाऊ शास्त्रज्ञ हाय, काय असतं तर बोलला नसता व्हय?" वहिनीनं हे मला फोनवर कौतुकानं सांगितलं. मी हसलो.

यंदा त्याच्या पायाची जखम चिघळली. शहरात क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात पायाची दोन बोटं काढली. खाटेशी बसून मी त्याला म्हणालो, "आपल्या रक्तातच आहे, दादा." खोटं नव्हतं, लॅबमध्ये त्याच्या जनुकात सापडलेला तोच फरक माझ्यातही निघालाय. पण मला ठाऊक होतं, म्हणून मी रोज चालतो, जपून खातो, वेळच्या वेळी तपासतो. माझी शुगर ठीक आहे. ते जनुक दोघांचं सारखंच होतं. दादा म्हणाला, "मंग तू बी जप. तुझं लई बसून काम."

माझ्यासारखंच गाव सोडलेल्यांनो, घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: जिथं माझ्या शब्दावर माणसं डॉक्टरकडं जायचं सोडतात. दादाला खरं अजून सांगितलेलं नाही. ते सांगणं मी त्याला देणं लागतो.