आईंनी मागितलेली खुर्ची

"आई सकाळी उठल्याच नाहीत..." बदलापूरहून शेजारच्या ताईंचा फोन आला, तेव्हा मी अंबरनाथला घरी डबे भरत होते. आई म्हणजे माझ्या पहिल्या नवऱ्याची, राहुलची आई. राहुल लष्करात होता, काश्मीरमध्ये शहीद झाला. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

माहेरचे न्यायला आले, पण मी बदलापुरात शिरगावला आईंजवळच राहिले. आम्ही एकमेकींसमोर रडायचो नाही. त्या मोरीत नळ सोडून रडायच्या, मी गच्चीवर. एक दिवस नळ बंद करून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, माझं ठीक आहे गं, मी म्हातारी. तू कुणासाठी वाळत बसलीस?" अंबरनाथला आनंदनगरच्या कंपनीत कामाला असलेल्या संजयचं स्थळ त्यांनीच आणलं. विहारात लग्न लागलं, तेव्हा माझ्या बाजूने त्याच उभ्या होत्या.

सव्वीस जानेवारीला शिरगावची शाळा शहिदांच्या घरच्यांचा सत्कार करायची. लग्नानंतर मी संजयबरोबर गेले आणि गर्दीत मागे उभी राहिले. व्यासपीठावर आमच्या घरासाठी एकच खुर्ची ठेवली होती. "हिची कुठाय?" आईंनी विचारलं. शाळेचे सर चाचरले, "मावशी, त्यांचं आता दुसरं लग्न... लोकांना बरं नाही दिसणार." आई बसल्याच नाहीत. समोर माईक चालू होता. "माझा पोरगा तिरंग्यात आला, तेव्हा पेटीवर डोकं टेकून हीच बसलेली. लग्न केलं म्हणून ते पुसलं जातं का? हिला बसवा, नाहीतर मी पण जावयासोबत मागे उभी राहते!" सरांनी स्वतः खुर्ची उचलून आणली. मी शेजारी बसले तर आईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. "घाबरलात?" मी हळूच विचारलं. "घाबरणार नाय तर काय? एवढी माणसं!"

आईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर गेल्या आठवड्यात आम्ही त्यांची खोली आवरली. भिंतीवर राहुलचा वर्दीतला फोटो आणि त्याला लागूनच माझा-संजयचा लग्नातला. आमचा मी उतरवला. राहुलच्या फोटोकडे मात्र हात जाईना... तो कुठे न्यायचा, हे संजयला विचारायचं धाडस होत नव्हतं. तोच स्टुलावर चढला, फोटो काढला, बाहीने काच पुसली. "आपल्या हॉलमध्ये लावू," म्हणाला. "दोघं शेजारी. आईंनी ठेवले होते तसेच."

आई रोज सकाळी राहुलच्या फोटोला जयभीम करायच्या. आता कामावर निघताना संजय करतो.