डिकेल टोपावर बसली

डिकेल फातिक गावच्या बाजारात दही विकते. डोक्यावर भोपळ्याचा तुंबा, ओठांवर शिवी. मी तिची मैत्रीण, तरी मलाही ती सोडत नाही.

त्या हंगामात तिचा तुंबा भरलेलाच घरी यायचा. युरोपातली सरकारं तिथल्या गाईवाल्यांना पैसे देतात. जास्तीच्या दुधाची पावडर होते आणि आमच्याकडे ताज्या दुधाहून स्वस्त मिळते. समोरचा दुकानदार जेगान ती पोत्यांनी विकायचा. डिकेलच्या नवऱ्याने गाई विकायचं ठरवलं.

"तिकडच्या गाईला सरकार पोसतं," डिकेल म्हणाली. "माझ्या गाईला मीच पोसते. मग मला कोण पोसणार?"

तेवढ्यात जेगानच्या नातीचं बारसं आलं. बारशाला बाजरीची लापशी आणि वर दही हवंच. जेगान सेरेर, डिकेल फुलानी. या दोन जमातींचं नातं थट्टेचं. काहीही बोला, अगदी गुलाम म्हणा, समोरच्याने रागवायचं नाही. समारंभात एकाने काही अडवून धरलं, तर दुसऱ्याने मागेल ते देऊन सोडवायचं.

सकाळी अंगणात लापशीचा टोप निवत होता. जेगानच्या बायकोने पावडरीच्या दह्याची बादली आणली. डिकेलने टोपावर झाकण टाकलं आणि वर बसली.



"अगं ऊठ, भाजशील!" जेगान ओरडला.

"भाजू दे. माझ्या गुलामाची नात आहे, मी बसायचं नाही?"

"गुलाम तू! तुझा आजा माझ्या आज्याची गुरं राखायचा."

"राखायचा ना. आणि दूध तुझा आजा प्यायचा. म्हणून तो ताडासारखा वाढला. तू पावडरीवर वाढलास, बघ स्वतःकडे!"

जेगान बुटका. अंगण हसून लोळलं. नाव ठेवायला आलेले इमाम डोळे पुसत म्हणाले, "जेगान, लवकर सोडव. पोरीचं नाव खोळंबलंय."

"काय पाहिजे? बकरा?"

"तुझ्या दुकानात, पोत्यांच्या पुढे, माझा तुंबा. रोज."

"घेणार कोण ते आंबट?"

"आज चाखव, मग विचार."

जेगानने हात जोडले. डिकेल उठली. तिच्या लुगड्याच्या मागे वाफेचा ओला गोल उमटला होता. तिने लापशीवर स्वतःचं दही ओतलं. पाहुण्यांनी बोटं चाटली.

पावडर अजूनही खपते, स्वस्त आहे. पण दुपारपर्यंत तुंबा रिकामा होतो. गाई विकल्या नाहीत.

"ही बया रोज मला शिव्या द्यायला येते," जेगान काल मला म्हणाला. "ऐकायला गिऱ्हाइकं जमतात. जमली की दही घेतात."

"आणि तुझं मीठ, साबण कोण घेतं रे, बुटक्या?" डिकेल रस्त्यावरूनच ओरडली.

तो गालातल्या गालात हसला. पोतं मागे सरकवून त्याने तिच्या तुंब्याला जागा केली.