चोविसावा तुकडा

इंटरनेटच्या फायबर केबली जोडायला शिकवायचं म्हणजे मशीन चालवायला शिकवायचं, असं लोकांना वाटतं. मशीन काय, कुणालाही चार दिवसांत जमतं. खरं शिकवायचं असतं ते काचेचे तुकडे सांभाळणं. दोन केबली जोडताना आतल्या प्रत्येक काचेच्या तंतूचं टोक कापावं लागतं आणि केसाएवढ्या काचेचा एक तुकडा हातात उरतो, बोटाच्या पेराएवढा, दिसेल न दिसेल असा. कातडीत शिरला तर सापडता सापडत नाही, आणि डोळ्यात गेला तर विचारूच नका. म्हणून आमच्या बेळगावच्या वर्गात टेबलावर काळं कापड, डोक्यावरचे पंखे बंद आणि प्रत्येकापुढे एक चिकटपट्टी. बारा तंतूंचा जोड, दोन्ही बाजूंची मिळून चोवीस टोकं, पट्टीवर चोवीस तुकडे. मोजल्याशिवाय कुणी खुर्चीवरून उठायचं नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक बॅचला चिकोडीच्या एका माणसाची गोष्ट सांगायचो. केबलसाठी चर खणता खणता तो जोडकाम शिकायला आला होता. एक दिवस त्याचा तुकडा हरवला आणि मी त्याच दुपारी त्याला वर्गातून काढून टाकलं. ही गोष्ट सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची. राग तर माझ्या नाकावरच असतो, आणि तो कामाला येतो असा माझा समज होता.

यंदा वर्गात शहापूरच्या एक बाई होत्या. चाळिशीच्या, घरचे माग बंद पडलेले, म्हणून नवीन काम शिकायला आलेल्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, मीही. त्यांची बोटं इतकी हलकी चालायची की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मागावर तुटलेला धागा कसा सांधतात ते वर्गाला दाखवायला लावलं. एक टोक ओठात धरायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, असं सांगत त्यांनी चिमटीत पीळ देऊन दाखवला. हे हात बघा, असं मी सगळ्यांना म्हणालो. ओठातलं टोक मीही बघितलं होतं, पण कौतुकाच्या भरात त्याचं मला काही वाटलं नाही. आज त्याची लाज वाटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांकडून पूर्ण जोड करून घेत होतो. बंद पंख्यांखाली अंगाला घामाच्या धारा लागलेल्या. आक्कांचा जोड सगळ्यांत आधी झाला, आणि एकदम स्वच्छ. मी त्यांची पट्टी हातात घेऊन तुकडे मोजले. तेवीस. भिंग लावून परत मोजले. तेवीसच.

मी सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. चोविसावा कुठं गेला, असं आक्कांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग बॅटरी लावून फरशी पाहिली, कापड झटकू न देता बघितलं. एका विद्यार्थिनीने आक्कांच्या पदरावरून, निऱ्यांवरून चिकटपट्टी फिरवली. निपाणीहून येणाऱ्या एका लाइनमनने चपलांचे तळवे एकेक करून तपासले. काहीच मिळेना. माझा पारा चढत गेला. मी दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न वरच्या आवाजात विचारत होतो आणि आक्का दर वेळी मान हलवत होत्या. हा हट्टीपणा आहे असं समजून मी त्यांना उद्याची परीक्षा विसरा म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी शब्द नाही.

तेव्हा लाइनमन माझ्याजवळ येऊन हळूच बोलला, "सर, आक्कांनी मघापासनं तोंडच उघडलं न्हाय. थुंकीबी गिळंनात."

मला त्यांनी ओठात धरलेलं ते धाग्याचं टोक आठवलं. मशीनचं झाकण उघडायला एक हात, तंतू धरायला दुसरा. मग उरलेला तुकडा कुठं जाणार?

"आक्का, तोंडात हाय व्हय?"

त्यांनी मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली.

जवळच्याच दवाखान्यात रिक्षाने नेलं. निघताना त्यांची पट्टी मी खिशात घातली होती. डॉक्टरीणबाईंनी कन्नडमधून तोंड उघडायला सांगितलं, दिवा ओढला, भिंग लावलं. खालच्या ओठाच्या आतून चिमट्याने तुकडा निघाला. मी तो पट्टीवरच्या तुकड्यांशेजारी धरला. निम्माच होता. उरलेला निम्मा शोधायला डॉक्टरीणबाईंनी दिवा आणखी जवळ घेतला. आक्कांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. तो जिभेच्या कडेला मिळाला. दोन्ही मिळून लांबी बरोबर भरली, ती मी तीनदा मोजली.

बाहेर बाकावर आक्का ओठाला कापूस लावून बसल्या. मी शेजारी बसलो. ओरडलो ते चुकलं, उद्या परीक्षेला या, असं सांगितलं. आणि तरीही न राहवून विचारलं की एवढं जिवावरचं होतं तर मला सांगितलं का नाही.

त्यांना बोलताना दुखत होतं. "सर, त्या चिकोडीवाल्यांचा तुकडा हरवला, ते तुम्हाला कुणी सांगितलं हुतं?"

मला आठवायला वेळ लागला नाही. मी तेव्हा मोजलेलंही नव्हतं. तो स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आला होता.

"त्यानंच," मी म्हणालो.

"मग?" आक्का एवढंच बोलल्या आणि कापूस बदलायला आत गेल्या.

मी तिथंच बसून फोनमधल्या जुन्या यादीतून त्याचा नंबर काढला. दोन रिंगमध्ये त्याने उचलला. मी कोण बोलतोय ते सांगितलं. मग तो म्हणाला, "सर, माझं परत काय चुकलं?"