गाढवापुढचा राजा

आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमध्ये नाताळचं नाटक असतं. त्यातला दुष्ट राजा म्हणजे माझे पप्पा. कारखान्यात फिटर, आवाज भोंग्यासारखा. 'सगळी बाळं मारून टाका' हा हुकूम त्यांनी सोडला की पुढच्या सतरंजीवरची पोरं आयांच्या पदराआड दडायची. मीही दडायचो, रोज याच माणसाच्या ताटात जेवत असूनही.

मग पप्पांना पॅरालिसिस झाला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड राहिली. राजाचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. पप्पा हट्टाला पेटले. "कायबी द्या, पन मी स्टेजवर येनार." शेवटी त्यांना उतारशाळेचा मालक केलं, बाळाच्या आईबापाला दारातून परत पाठवणारा. वाक्य एकच, "जागा नाही."

त्या वर्षीही वीटभट्टीवरून गाढव आणलं होतं. बाळ ठेवायच्या आधीच त्यानं गव्हाणीतलं गवत खाऊन टाकलं. पप्पा खरंच चिडले. हात उगारून बोबड्या जिभेनं शिव्या घालत त्याच्यामागं धावले, आणि लोकांना वाटलं नाटकच आहे. मांडव हसून लोळला.

पुढच्या वर्षी मंडळींनी तो प्रसंगच लिहून घेतला. गाढव धोतर ओढणार, पप्पा पडणार. मोबाईलवर व्हिडिओ फिरले, राहात्याच्या चर्चनंही बोलावलं. एवढं कौतुक राजाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. घरी व्हिडिओ लागला की पप्पा ताट घेऊन आत जायचे. मम्मी म्हणायची, "हसत्यात तर हसू द्या की. बोलावत्यात ना?" मला मात्र ते व्हिडिओ बघवत नसत. माझ्या बापाची जीभ अडखळते, यात हसण्यासारखं काय आहे?

पप्पा रोज सकाळी गाढवाला भाकरी द्यायला भट्टीवर जायचे. एकदा उशीर झाला म्हणून मी बघायला गेलो. विटांच्या थप्पीआड ते ताठ उभे होते, हात उगारलेला, आणि गाढवाला राजाचा हुकूम देत होते. मला बघून वरमले.

"हे हसत न्हाई," म्हणाले.

"पप्पा, परत म्हना," मी म्हणालो आणि गाढवाशेजारी खाली बसलो.

त्यांनी पुन्हा हात उगारला. सगळा हुकूम म्हटला. एकही शब्द नीट कळला नाही. लहानपणी वाटायची तेवढीच भीती वाटली, पण दडायला आता पदर नव्हता.