उपरण्याखालचा सौदा

लढाईच्या सालात घोडेगावच्या बाजारात बैलांचा एक दलाल आम्हा तरण्या पोरांना पैशाचा व्यवहार शिकवी. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, एवढीच त्याची विद्या. चहाचा भावही तो तसाच करी.

एकदा सरावाला त्यानं स्वतःचाच बैल उभा केला. मी थट्टेनं दोन रुपयांची खूण केली. त्याला हसू फुटलं अन् हसता हसता तोंडातून गेलं, "दिला!" मग त्यानं जीभ चावली.

"मामा, खेळच हुता की."

"दलालाचा शब्द हाय. काढ दोन रुपये."

"आठच आणे हायेत."

"बैल उधारीवर द्यायचा न्हाई, लेका!" म्हणत त्यानं मला दीड रुपया उसना दिला, पुरे दोन रुपये मोजून घेतले अन् कासरा माझ्या हातात ठेवला.

बैल परत न्या, असं मी त्याला कधी म्हणालो नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान माझ्याच्यानं झाला नसता.