तलाव उडाला तो दिवस

ही वही कोणी उघडलीच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी मला माफ करा. चौथीपर्यंतच शाळा झाली. अक्षरही चिखलातून बगळा चालून गेल्यासारखं आहे. पण तो दिवस विसरायचा नाही, म्हणून लिहिते.

आमच्या शाळेतल्या बाई दर हिवाळ्यात गावतलावावरची पाखरं मोजतात. त्यांच्यासाठी चहा-पोहे घेऊन मी आणि माझी जाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायचो. बाईंच्या दुर्बिणीतून एकदा तरी बघावं असं मला फार वाटे, पण मागायला तोंड उघडत नसे. त्या सकाळी बाईंनी आपणहून ती माझ्या हातात दिली. पट्टा गळ्यात घाल म्हणाल्या. आपला घाम लागेल म्हणून मी घातला नाही.

डोळ्याला लावली. इतकी वर्षं जे काळे ठिपके होते, त्यांना डोळे होते. जांभळी पाणकोंबडी कमळाचा देठ पायात धरून माणसासारखी खात होती. बदकाच्या पाठीवर पाण्याचा थेंब गोल थांबला होता. मग दिसले पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात म्हणे. हिरवळीत चरत होते. आणि हिरवळीच्या कडेला माझ्याच पिवळ्या साडीचं बुजगावणं!

ती हिरवळ म्हणजे आमचे पऱ्हे होते, उन्हाळी धानाची कोवळी रोपं. कादंब अगदी हाताशी वाटले. लहानपणापासून धान राखत आलेली मी. दोन्ही हात सोडून टाळ्या पिटल्या आणि ओरडले, "हाऽऽ हुर्रर! हाऽऽ!"

दुर्बीण दगडावर पडली. आणि तलाव उडाला. पंखांचा आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. ऊन झाकलं गेलं. आम्ही तिघी माना वर करून उभ्या. सगळ्यांच्या वर कादंबांची रांग. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कशासाठी ते मलाच कळेना.

जाऊ आधी बोलली, "बापा वं! हिच्या पोटात एवढा आवाज होता? मी तं हिले मुकी समजून राहिली होती!"

बाईंनी फुटकी काच उचलली. मोजणी अर्धीच राहिली होती. "पऱ्हे तर वाचले ना तुझे?" एवढंच म्हणाल्या.

"बाई, मी भरून देईन."

"राहू दे गं."

"नाही बाई. भरल्याबिगर पुन्हा डोळ्याले लावणार नाही."

बाईंनी दुसरी दुर्बीण आणली. पुढचे दोन हिवाळे त्या ती पुढे करत आणि मी हात पदरात गुंडाळून घेई. कोणता ठिपका कोण असेल, ते नुसत्या डोळ्यांनी ओळखत बसे. धान रोवणीच्या मजुरीतून थोडे थोडे पैसे देत गेले. बाई आधी घेईनात, मग माझं तोंड बघून घेऊ लागल्या.

काल पाळीवर शेवटची नोट त्यांच्या हातात ठेवली. पलीकडे पऱ्ह्यात काहीतरी उतरलं होतं. बाईंनी गळ्यातला दुर्बिणीचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला.

"बाई, कानात बोळे घाला आता," जाऊ म्हणाली.

सगळे पैसे फिटले.